विहिरीवरची बाई आणि केडगावची पंडिता

१८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी वीस वर्षांच्या रमाबाई डोंगरेंची विद्वत्ता पारखली आणि त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. त्या काळात बाईच्या वाट्याला याहून मोठा मान येणे कठीणच होते. तरीही पुढे रमाबाईंनी मोठेपणाची वाट भलतीकडेच शोधली.

१८८३ साली त्या इंग्लंडमध्ये वाँटेजच्या मठात राहत होत्या. तिथल्या सिस्टरांनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅमचे आपले काम दाखवले. समाजाने ‘पतित’ ठरवून टाकून दिलेल्या बायकांना त्या तिथे मायेने सांभाळत. ही माया येते कुठून, असे रमाबाईंनी विचारले, तेव्हा एका सिस्टरने योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली.

ही गोष्ट आपल्याकडच्या माणसाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. यहुदी माणूस शोमरोन्यांच्या भांड्याला हात लावत नसे. येशू मात्र भर दुपारी विहिरीवर बसून अशाच एका बाईकडे पाणी मागतो. तिचे पाच नवरे झालेले, आणि आता ज्याच्याबरोबर राहते तो तिचा नवराही नाही. देवाची खरी जागा कोणती, आमचा डोंगर की तुमचे यरुशलेम, असे ती विचारते. येशू दोन्ही जागांच्या पलीकडे बोट दाखवतो. पाणवठ्यावरून माणसांची वाटणी करणाऱ्या देशातून आलेल्या रमाबाईंच्या मनाला ही गोष्ट भिडली. बंगाली कायस्थ बिपिनबिहारी मेधावींशी लग्न केल्यामुळे जातीबाहेर पडणे म्हणजे काय, हे त्यांनी स्वतः भोगले होते. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पण नव्या धर्मातही त्या मान खाली घालून बसल्या नाहीत, आणि मला त्यांचे सर्वात मोठे धैर्य इथे दिसते. बिशपांनी सांगितलेली प्रत्येक गोष्ट मानायला त्यांनी नकार दिला. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नको, असे त्यांनी विचारले. आहार शाकाहारीच ठेवला. ख्रिस्ताची व्हायचे तर इंग्रज व्हावे लागत नाही, हे त्या तिथल्या लोकांना ठणकावून सांगत होत्या. इकडे परतल्यावर १८८९ साली मुंबईत विधवांसाठी त्यांनी शारदासदन काढले, ते पुढच्या वर्षी पुण्याला नेले. मुलींना ख्रिस्ती केले जाते या आरोपावरून १८९३ साली रानडे, भांडारकरांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक घरांनी मुली काढून नेल्या. चर्चला त्या हट्टी वाटत, पुण्याला परक्या.

मोठेपणाचा प्रश्न येशूच्या शिष्यांनाही सुटला नव्हता. याकोब आणि योहान यांना त्याच्या उजव्या-डाव्या हाताची आसने हवी होती. ज्याला मोठे व्हायचे त्याने सगळ्यांचा सेवक व्हावे, असे त्याने त्यांना सांगितले. आणि शेवटच्या रात्री कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. पाय धुणे हे तेव्हा घरच्या गुलामाचे काम होते.

पुण्याजवळच्या केडगावला रमाबाईंनी हेच प्रत्यक्षात आणले. आईवडील दुष्काळात गमावलेल्या या बाईने १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो उपाशी मुली उचलून आणल्या. त्यांना आधी खायला घालायचे, मग शिकवायचे, असा क्रम होता. तिथे काढलेल्या मुक्ती सदनात त्या शेती, विणकाम, छपाई शिकल्या. आंधळ्या मुली ब्रेल वाचू लागल्या. इथे मुलीची जात प्रवेशाच्या आड येत नसे.

उतारवयात रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मराठी बायबल आधीपासून होते, पण नुकतीच अक्षरे लावू लागलेल्या खेड्यातल्या बाईला ते जड जाई. म्हणून कलकत्त्याच्या या पंडितेने आपली सगळी विद्वत्ता त्या बाईला कळेल असे सोपे मराठी लिहिण्यात खर्च केली. खिळे जुळवणे, छापणे ही कामे मुक्तीतल्या बायकांनीच केली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या आणि १९२४ साली ते बायबल छापून पूर्ण झाले.