पाळीव मांजराचे सततचे खाजविणे : कारणमीमांसा आणि उपाय

मांजर हे स्वभावतःच आपल्या अंगाची निगा राखणारे जनावर होय. जागेपणीचा बराचसा वेळ ते अंग चाटण्यात व विंचरण्यात घालविते. त्यामुळे त्याचे खाजविणे कोणत्या मर्यादेपलीकडे गेले म्हणजे ते विकाराचे लक्षण समजावे, हा प्रश्न प्रथमच उपस्थित होतो. केस झडून त्वचा उघडी पडणे, अंगावर खपल्या धरणे अथवा झोपेतून वारंवार उठून खाजविणे, यांपैकी काहीही आढळल्यास ते विकाराचे लक्षण मानावे. हे खाजविणे म्हणजे स्वतंत्र रोग नव्हे. त्याचे मूळ बहुधा मांजराच्या अंगापेक्षा ते राहते त्या घरात अधिक असते, आणि त्यावरील उपाय निवडताना मांजराच्या शरीरक्रियेचे एक वैशिष्ट्य ध्यानी न घेतल्यास उपायच घातक ठरतो. या दोन गोष्टींचे विवेचन येथे करावयाचे आहे.

कारणाचा पहिला सुगावा खाजेच्या जागेवरून लागतो. कानात कॉफीच्या चुऱ्यासारखा काळपट मळ साचला असल्यास ओटोडेक्टिस सायनोटिस या कानातील माइटचा संशय घ्यावा. कानांच्या कडांपासून सुरू होऊन तोंडावर व मानेवर पसरणारे जाड खवले नोटोएड्रिस कॅटाय या माइटमुळे होणारी खरूज सुचवितात. केस गळालेले वाटोळे चट्टे मायक्रोस्पोरम कॅनिस या कवकामुळे पडलेले असू शकतात. त्यांत खाज पुष्कळदा अल्प असते. परंतु हा नायटा माणसांनाही, विशेषतः लहान मुलांना, होत असल्याने त्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. डोके व मान यांवर बाराही महिने टिकणारी खाज अन्नातील एखाद्या प्रथिनाच्या अधिहर्षतेमुळे असू शकते. पाठीचा मागील भाग व शेपटीचे मूळ येथे बाजरीच्या दाण्यांएवढ्या बारीक खपल्या आढळल्या तर मात्र प्रथम पिसवांचा विचार करावा. खाजेचे सर्वांत सामान्य कारण तेच होय.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो : ‘आमच्या मांजराच्या अंगावर एकही पिसू दिसत नाही.’ हा पुरावा पुरेसा नाही. मांजराची जीभ काटेरी असते व चाटता चाटता ते पिसवा गिळून टाकते. शिवाय पिसवेच्या लाळेची अधिहर्षता असलेल्या मांजरास मोजके दंशही पुरतात. म्हणून पिसवांऐवजी त्यांची विष्ठा शोधावी. बारीक दातांच्या फणीने निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाकावेत. त्यांभोवती तांबूस डाग पसरल्यास ते पचलेले रक्त, म्हणजेच पिसवांची विष्ठा, असे समजावे. गुदद्वाराजवळ काकडीच्या बीसारखे तुकडे दिसणे हीही अप्रत्यक्ष साक्षच होय. कारण ज्या फीतकृमीचे ते तुकडे असतात, तो पिसू गिळल्यानेच मांजराच्या पोटात जातो.

मांजरावरील पिसू (टेनोसेफॅलायडीस फेलिस) आपली अंडी मांजराच्या अंगावर घालते. परंतु ती गुळगुळीत असल्याने खाली गळून पडतात. अळ्या चटया, अंथरुणे व फरशीच्या फटी यांत वाढतात आणि प्रौढ पिसवांच्या वाळलेल्या विष्ठेवर जगतात. दमट हवा त्यांना मानवते. कोशात गेलेली पिसू कित्येक महिने तग धरते व जवळपासच्या हालचालीचा, उबेचा किंवा उच्छ्वासाचा स्पर्श होताच बाहेर पडते. कोणत्याही वेळी प्रत्यक्ष अंगावर असणारा पिसवांचा वाटा सामान्यतः सुमारे ५ टक्केच मानला जातो. मांजरास एकदा औषध लावून महिन्याभराने खाज परत आली म्हणजे औषध निष्फळ ठरले असे नव्हे. बहुधा घरातील कोशांतून नवी पिढी निघालेली असते. म्हणून घरातील सर्व मांजरांवर व कुत्र्यांवर एकाच वेळी आणि निदान तीन महिने उपचार चालू ठेवणे, अंथरुणे गरम पाण्यात धुणे व फटी वरचेवर झाडून काढणे, ही त्रिविध योजना अवश्य आहे.

आता उपायांतील धोक्याविषयी. फिनॉलवर्गीय पदार्थ ग्लुक्युरॉनिक अम्लाशी जोडून यकृत त्यांचे विष उतरविते. मांजरात ही शक्ती फार क्षीण असते. यास जबाबदार असलेला यूजीटी१ए६ हा जीन मांजरात निष्क्रिय आहे, असे २००० साली दाखविण्यात आले. यामुळे पॅरासिटामॉलची एकच गोळीही मांजराचा प्राण घेऊ शकते. कार्बॉलिक अम्ल वा फिनाईल अंगास लावणेही त्याच कारणास्तव घातक आहे. कुत्र्यांसाठी विकल्या जाणाऱ्या पिसूनाशकांतील परमेथ्रिनही मांजरास सोसत नाही. त्याने कंप व झटके येऊन मृत्यू ओढवतो. शिवाय अंगास लावलेले जवळजवळ सर्व काही मांजर चाटून पोटात घेते. रॉकेल, कापूर, सुगंधी तेले यांसारखे घरगुती उपाय त्यामुळे वर्ज्य समजावेत. मांजरासाठीच तयार केलेले फिप्रोनिल अथवा सेलामेक्टिन, तेही वजन पाहून पशुवैद्याच्या सल्ल्याने वापरावे.

कारण सापडत नाही तेव्हा ‘मांजर चिंताग्रस्त आहे’ असा निर्वाळा देण्याचा मोह होतो. या बाबतीत २००६ साली अमेरिकन पशुवैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला अभ्यास उद्बोधक आहे. मानसिक कारणाने केस उपटत असावीत असे ज्यांच्याविषयी अनुमान होते, अशी २१ मांजरे त्यात कसून तपासली गेली. त्यांपैकी १६ मांजरांत केवळ शारीरिक विकार आढळला, ३ मध्ये दोन्ही कारणे होती, आणि निव्वळ मानसिक कारण केवळ २ मांजरांत होते.

तात्पर्य, प्रथम खाजेची जागा पाहावी, नंतर फणी व ओला कागद वापरावा, त्वचेचा खरवड सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्यावा व पिसवांचा उपचार पूर्ण मुदतीपर्यंत करावा. त्यानेही खाज न थांबल्यास सुमारे आठ आठवडे पूर्वी कधीही न दिलेल्या एकाच प्रथिनाचा आहार देऊन पाहावा. मनाचा विचार शेवटी करावा. केवळ खाज दाबणारे स्टेरॉइड या क्रमाआधीच दिले, तर लक्षण नाहीसे होते, कारण मात्र घरातच राहते.