स्नायूंच्या आज्ञेने चालणारा कृत्रिम हात

मळणीयंत्रात किंवा कडबा-कुट्टीच्या यंत्रात सापडून पंजा तुटल्याच्या दुर्घटना खेड्यापाड्यांतून घडत असतात. अशा माणसाचा सारा हातच निकामी झाला असे घरची माणसे समजतात. ही समजूत पूर्णपणे खरी नाही.

उजवी मूठ घट्ट आवळावी व डाव्या हाताने कोपराखालचा भाग चाचपून पाहावा. तेथील स्नायू टणक झालेले आढळतील. बोटे मिटण्या-उघडण्याचे पुष्कळसे बळ बोटांत नसून या भागात असते. म्हणून पंजा गेला तरी, कोपराखालचा पुरेसा भाग शाबूत असल्यास, मेंदूची आज्ञा तेथवर पोचते व स्नायू आखडतो. आखडताना त्यात सूक्ष्म वीज उत्पन्न होते. कातडीवर मोजली असता ती व्होल्टच्या काही सहस्रांशांइतकी, पुष्कळदा त्याहूनही कमी भरते. कातडीस टेकविलेल्या धातूच्या चकत्या ही वीज टिपतात आणि त्या इशाऱ्यावर कृत्रिम पंजातील मोटर फिरते. पाटाचे दार उघडणारा माणूस पाणी वाहून नेत नाही. तद्वतच येथे स्नायू केवळ इशारा देतो, बळ बॅटरीचे असते.

साध्या पंजास दोन ठिकाणच्या चकत्या पुरतात. आतील बाजूचा स्नायू आखडला की पंजा मिटतो, बाहेरील बाजूचा आखडला की उघडतो. अधिक चकत्यांचा पट्टा बांधल्यास निरनिराळ्या खुणा ओळखता येतात. २०१८ मध्ये विक्री बंद झालेल्या ‘मायो’ नावाच्या पट्ट्यात असे आठ वेधक होते. मात्र प्रत्येकाच्या स्नायूंची ठेवण वेगळी असल्याने यंत्रास त्या त्या माणसाच्या खुणा शिकवाव्या लागतात.

शेतकऱ्याने हे साधन घेण्यापूर्वी विचार करावा. घामाने किंवा पट्टा सरकल्याने इशारा चुकतो. चिखल, पाणी व धूळ यंत्रास मानवत नाहीत. किंमतही जबर असते. कुदळ-फावड्याच्या कामास खांद्यावरील पट्ट्याने ओढला जाणारा साधा आकडा पुष्कळदा अधिक टिकाऊ ठरतो. घरकाम, लेखन, दुकानदारी यांस मात्र हा विजेचा पंजा सोयीचा आहे.

कोणताही हात घ्यावयाचा असो, उरलेला स्नायू वापराविना रोडावतो. जखम भरल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने, नसलेली मूठ आवळावी व उघडावी असा प्रयत्न रोज थोडा वेळ करावा. पहिल्या महिन्यात रुग्ण खचलेला असतो व हा व्यायाम त्यास निरर्थक वाटतो; म्हणून ग्रामसेवकाने त्याच्या घरी जाऊन वर सांगितलेली चाचपणी घरच्या माणसांकडून करवून दाखवावी आणि रुग्णास जिल्हा रुग्णालयात पाठवावे.