संगणक एक, बसणारे आठ : इजाजत किती जणांची?

रमजानचे दिवस म्हणजे कापड व्यापाऱ्यांच्या कमाईचे दिवस. २०२३ सालच्या मार्च महिन्यात, हंगामाच्या अगदी तोंडावर, एका सकाळी आमच्या पेढीवरचे सहाही संगणक उघडेनात. बिले निघेनात, गोदामात माल किती ते कळेना आणि गिऱ्हाईक दारात उभे. ज्याने ही व्यवस्था बसवून दिली होती त्याला बोलावले. त्याने अर्ध्या तासात सर्व सुरू केले आणि जाता जाता सांगितले, "सेठ, काही विशेष नाही. मुदत संपली होती. आता पुन्हा १२० दिवस चालेल."

ही मुदत कसली, याची चौकशी आम्ही चार महिने केलीच नव्हती. ती केली तेव्हा जे समजले ते व्यापारी व कारखानदार बंधूंच्या उपयोगी पडावे म्हणून येथे देत आहे.

व्यवस्था अशी असते. आतल्या खोलीत एक मोठा संगणक, म्हणजे सर्व्हर. टेबलांवर फक्त पडदा, कळफलक आणि एक लहानशी डबी. काम सारे सर्व्हरमध्ये चालते. टेबलावर दिसते ते त्याचे चित्र. यालाच व्हर्च्युअल डेस्कटॉप म्हणतात. हिशोब एका जागी राहतो, गोदामातून किंवा घरूनही काम होते, खर्चही वाचतो. पद्धत चांगली आहे. घोटाळा होतो तो लायसन्समध्ये.

थान आणि इजाजत

कापडाचे थान विकत घेतले की ते आपले. कापा, शिवा, विका. सॉफ्टवेअरचे तसे नाही. तेथे माल मिळत नाही, वापरण्याची इजाजत मिळते, आणि कोणी, किती जणांनी व कोठून वापरायचे हे करारात लिहिलेले असते. म्हणून "एकच कॉपी टाकली आहे, एकाचेच पैसे लागतील" हा हिशोब चुकीचा आहे. मोजायची असतात ती त्या कॉपीपर्यंत पोहोचणारी माणसे किंवा यंत्रे.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मायक्रोसॉफ्टचे विंडोज सर्व्हर असते. त्यात एकावर एक तीन परवाने लागतात. पहिला खुद्द सर्व्हरचा. तो प्रोसेसरच्या कोअरवर मोजतात आणि एका सर्व्हरमागे किमान १६ कोअरचा घ्यावा लागतो. दुसरा, सर्व्हरशी जोडल्या जाणाऱ्या प्रत्येकाचा. याला कॅल म्हणतात. तिसरा, सर्व्हरवर बसून दुरून काम करणाऱ्या प्रत्येकाचा; तो आरडीएस कॅल. साधा कॅल घेतला म्हणून आरडीएस कॅल टळत नाही. बाजारात हा तिसरा परवानाच गाळला जातो. तो नसला तरी सर्व्हर १२० दिवस चालू देतो, मग दार बंद करतो. आमच्या माणसाने ती मुदतीची नोंद पुसून टाकली होती. संगणक सुरू झाले, पण इजाजत मिळाली नव्हती.

काही जण सर्व्हर न घेता साध्या विंडोज प्रोवर फाईल बदलून एकाच वेळी पाच-दहा जणांना बसवतात. त्या विंडोजच्या करारात दुरून एका वेळी एकालाच काम करता येते. हेही कराराबाहेरचेच काम झाले.

दुसरा प्रकार असा, की सर्व्हरमध्ये प्रत्येकासाठी वेगळे विंडोज ११ ठेवले जाते. येथे संगणकाबरोबर आलेले विंडोज चालत नाही. ते त्या यंत्रालाच बांधलेले असते. टेबलावर विंडोज नसलेली डबी असेल तर व्हीडीए नावाची वेगळी वर्गणी लागते. विंडोज एंटरप्राइझची माणसामागे वर्गणी घेतली तर तो हक्क तिच्यातच येतो.

माणसे मोजावी की यंत्रे?

कॅल आणि आरडीएस कॅल दोन्ही माणसामागे किंवा यंत्रामागे मिळतात. पैसा वाचतो किंवा बुडतो तो येथेच.

आमच्या पेढीवर टेबले सहा, माणसे आठ. त्यांपैकी दोघे लॅपटॉपवरून आणि फोनवरूनही हिशोब पाहतात. यंत्रे मोजली तर दहा होतात, माणसे मोजली तर आठ. आम्हाला माणसांचा हिशोब परवडला. उलट एखाद्या यंत्रमाग कारखान्यात दोन पाळ्यांत आठ कारकून चार संगणकांवर बसत असतील, तर यंत्रामागे चारच पुरतात. आरडीएस सर्व्हरवर या दोहोंपैकी एकच पद्धत लावता येते, म्हणून मोजणी आधी करावी.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. माणसामागे घेतलेले आरडीएस कॅल कमी पडले तरी सर्व्हर अडवीत नाही. अडवीत नाही म्हणून परवानगी आहे, असे समजू नये.

ऑफिसचा हिशोब वेगळा. घरगुती वापराचे किंवा दुकानातून डबाबंद घेतलेले ऑफिस अशा सामायिक सर्व्हरवर चालत नाही. सामायिक वापराची सोय असलेली वर्गणी लागते. मायक्रोसॉफ्ट ३६५ बिझनेस प्रीमियममध्ये ती आहे, बिझनेस स्टँडर्डमध्ये नाही. ती ज्यांना खरोखर लागते त्यांच्यासाठीच घ्यावी. पत्रे व तक्ते करणाऱ्या बाकीच्यांना लिबरऑफिस पुरते. ते मोफत आहे व माणसे मोजत नाही. टॅलीप्राइमचे सिल्व्हर एकाच वापरकर्त्यासाठी आहे. एकाच वेळी अनेक जण बसणार असतील तर गोल्ड घ्यावे लागते.

कायदा काय म्हणतो

कॉपीराइट कायदा १९५७ चा. १९९४ च्या दुरुस्तीने त्यात कलम ६३-बी आले. बेकायदा कॉपी आहे हे माहीत असून जो संगणकावर प्रोग्राम वापरतो त्याला किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकते. धंद्यासाठी वापरणाऱ्याला ती सवलत नाही. बसवून देणारा निघून जातो. संगणक आपल्या पेढीवर असतो आणि जाबही आपल्यालाच द्यावा लागतो.

म्हणून भाव विचारण्यापूर्वी एका कागदावर सर्व्हरवर बसणारी माणसे लिहावीत, शेजारी त्यांची यंत्रे लिहावीत. विक्रेत्याकडून सर्व्हर, कॅल, आरडीएस कॅल आणि ऑफिस यांचे आकडे वेगवेगळे मागावेत. "सगळे आत आहे" असे तोंडी उत्तर घेऊ नये. बिल पेढीच्या नावाने, जीएसटी क्रमांकासह घ्यावे. परवान्याचे कागद हिशोबाच्या वह्यांबरोबर जपून ठेवावेत. नवा माणूस कामावर ठेवला की त्या कागदात एक ओळ वाढवावी.

आम्ही त्या हंगामानंतर आठ जणांचे परवाने रीतसर घेतले. खर्च झाला, हे खरे. पण दुकान बंद पडल्याच्या त्या एका सकाळी किती गिऱ्हाईक परत गेले, याचा हिशोब आम्हाला अजून लागलेला नाही.