गोदामात कॅमेरे लावताय? आधी वायरीचं बघा

तायांनो, हल्ली गटाच्या बैठकीत हा प्रश्न वारंवार येतो. डाळमिलमध्ये, गोदामात कॅमेरे बसवायचेत, दुकानदार म्हणतो "फास्ट कनेक्शन घ्या". पण किती फास्ट? आणि पैसे तर गटाच्या खात्यातूनच जाणार.

कॅमेऱ्याकडून कॉम्प्युटरकडे चित्र वायरीतून जातं. त्याचा वेग मेगाबिटमध्ये मोजतात. मोटारीचा पाइप डोळ्यासमोर आणा. हंडाभर पाण्यासाठी कुणी चार इंची पाइप टाकत नाही.

देखरेखीचा फुल एचडी कॅमेरा चित्र दाबून, लहान करून पाठवतो. एका कॅमेऱ्याला सेकंदाला साधारण 4 ते 6 मेगाबिट पुरतात. चार कॅमेरे धरले तरी 24. साधी 100 मेगाबिटची लॅन आरामात पेलते. त्याहून महागडं काही कुणी गळ्यात मारत असेल, तर "कशासाठी?" असं विचाराच. आणि हो, 8 बिट म्हणजे 1 बाइट. मेगाबिट आणि मेगाबाइट एकच समजू नका.

इथे वेगापेक्षा अंतर महत्त्वाचं. यूएसबी 2 ची वायर 5 मीटरपर्यंत, यूएसबी 3 ची साधारण 3 मीटरपर्यंतच भरवशाची. लॅनची वायर 100 मीटर जाते. पीओई प्रकारचा कॅमेरा आणि तसाच स्विच घेतला तर त्याच वायरीतून वीजही मिळते, प्रत्येक कॅमेऱ्याजवळ वेगळा प्लग नको. वाय-फायचं आमिष मोठं, वायर ओढायची कटकट नाही. पण पत्र्याच्या शेडमध्ये आणि जाड भिंतीआड सिग्नल तुटतो. पोती कमी भरली, रेकॉर्डिंग बघायला गेलं आणि नेमका तोच अर्धा तास गायब! मग संशय येतो त्या दिवशी चावी ज्या ताईकडे होती तिच्यावर. हे परवडणारं नाही. म्हणून माझं मत सरळ आहे, गोदामाला लॅनच घ्या.

प्रतवारीचं यंत्र मात्र वेगळं. तिथे कॅमेरा एकेक दाणा बघतो, म्हणून बरेचदा चित्र न दाबता पाठवावं लागतं. हिशोब करा: 1920 गुणिले 1080 ठिपके, प्रत्येकाचे 3 बाइट, सेकंदाला 30 चित्रं. होतात जवळजवळ 1,500 मेगाबिट, तेही एकाच कॅमेऱ्याचे! यूएसबी 2 ची मर्यादा 480, गिगाबिट लॅनची 1,000. दोन्ही अपुरे. यूएसबी 3 ला 5,000 ची मर्यादा आहे, ती चालते, पण कॉम्प्युटर यंत्राला लागूनच ठेवावा लागेल. धुळीपासून त्याला जपायचं कसं, तेही आधीच ठरवा.

वायर घेताना टोक चाकूने खरवडून बघा. आत पांढरट दिसलं तर ते ॲल्युमिनियम, वरून नुसता तांब्याचा मुलामा. पीओईला अशी वायर नको. लांब अंतरावर वीज कमी पोचते, वायर तापते. कोटेशनवर "शुद्ध तांबे, कॅट 6, इतके मीटर" असं लिहून घ्या. दुकानदार लिहून द्यायला कुरकुरला तर दुसऱ्या दुकानात जा.