विकून गेलेल्या नाण्यांचं दुकान

वणीसारख्या गावात जुन्या घरांच्या देवघरात नाहीतर पेटीच्या तळाशी अजूनही एखादा राणीछाप रुपया निघतो. अडीनडीला तो सराफाकडे जातो आणि चांदीच्या भावाने मोडला जातो. वजन ११.६६ ग्रॅम, त्यात चांदी साधारण १०.७ ग्रॅम, हिशेब सरळ. पण त्याच रुपयाचं एखादं साल, एखाद्या टांकसाळीची खूण आणि न झिजलेला चेहरा असेल, तर संग्राहक चांदीच्या कितीतरी पट मोजतो. हे घरच्यांना कळावं कसं? एक वाट आहे: नाण्यांच्या व्यापाऱ्यांच्या संकेतस्थळांवरचं विकलेल्या मालाचं पान.

कापडवाला विकलेली साडी काचेत ठेवत नाही. नाणेवाला मात्र विकलेली नाणी ठेवतो, तीही पुढूनमागून फोटो काढून. लिलाव करणाऱ्या मोठ्या पेढ्या नाण्याचं वजन, लिलावाची तारीख आणि मिळालेली किंमत वर्षानुवर्षं जपतात. किरकोळ विक्रेत्यांचं मात्र एक धोरण नाही. कोणी फोटो ठेवून किंमत पुसतो, कोणी ‘विकले’ असा शिक्का मारून नाणं चालू मालातच मिसळून ठेवतो, कोणी पानच उडवतो. दुकान भरलेलं दिसावं म्हणून विकलेला माल चालू मालात ठेवणं मला लबाडीच वाटते. पन्नास नाणी चाळावीत आणि घेण्याजोगी दहाच निघावीत! किंमत पुसणाऱ्याची अडचण मात्र समजते. काल घेतलेलं नाणं उद्या नफ्याने विकायचं असलेल्या गिऱ्हाइकाला जुना आकडा जगजाहीर झालेला नको असतो.

भाव वाचतानाही सावध राहावं. दुकानदाराच्या पानावरचा आकडा मागितलेला असतो. घासाघीस किती झाली ते तो लिहीत नाही. लिलावात हातोडा पडला त्या रकमेवर पेढीचं कमिशन चढतं, ते धरलंय की नाही ते पाहावं लागतं.

या पानांचा मोठा उपयोग भावापलीकडचा आहे. ठोकून पाडलेली दोन नाणी अगदी तंतोतंत सारखी नसतात. एकाच्या कडेची चीर आणि डोळ्याजवळचा खड्डा दुसऱ्यावर जसाच्या तसा दिसला, तर निदान एक तरी साच्यात ओतलेलं आहे, हे जुने फोटो शेजारी ठेवले की उघड होतं. चोरीला गेलेलं नाणंही असंच ओळखता येतं.

आपल्या नाशिक जिल्ह्यात तर याची गरज अधिकच. १९०६ मध्ये सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला क्षत्रप नहपानाच्या १३,२५० हून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा ठोकला होता. त्यामुळे नहपानाचं नाणं विकताना जोगलटेंभीचं नाव जोडण्याचा मोह कोणालाही होईल. नाव जोडायला पैसे पडत नाहीत. पुरावा मात्र जुन्या विक्रीच्या नोंदीतूनच मिळतो.

आणि व्यवहार झाल्यावर तो चारचौघांत मांडायची रीत इथे नवी नाही. नहपानाचा जावई उषवदात याने पांडवलेण्यात दान कोरून ठेवलं: तीन हजार कार्षापण (त्या काळची नाणी) विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले, दोन हजारांवर महिना एक टक्का आणि एक हजारावर पाऊण टक्का व्याज. सत्तर हजार कार्षापण म्हणजे दोन हजार सुवर्ण, पस्तिसास एक, हा दरही तिथेच आहे. हे निगमसभेत ऐकवलं आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवलं, असं तो लेख सांगतो.

व्यापाऱ्यांनी विकलेला माल वेगळ्या दालनात ठेवावा, पण वजन, तारीख आणि शक्य तर किंमत यांसह ठेवावा. आणि वणीकरांनो, शंभर वर्षांपलीकडचं नाणं पुरावस्तू ठरतं, ते परदेशी पाठवायला कायद्याने बंदी आहे. पण भारतातल्या पेढ्यांची जुनी लिलावपत्रकं घरबसल्या, बहुतेक फुकट पाहता येतात. तरीही उलगडा झाला नाही तर त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला १९८० मध्ये स्थापन झालेली नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि तिचं संग्रहालय आहे. तिथे जाऊन या, मगच राणीछाप रुपया मोडायला काढा.