तक्त्यांचा वारसा

जन्मभर व्याकरण शिकविलेल्या माणसाने संगणकातील तक्त्यांविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु निवृत्तीनंतर एका जुन्या ग्रंथसंग्रहाची सूची करताना ‘वारसा’ हा परिचित शब्द मला नव्या अर्थाने भेटला आणि एक धडाही देऊन गेला.

रिलेशनल डेटाबेसची कल्पना एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडली. त्यात माहिती तक्त्यांत राहते : उभे स्तंभ म्हणजे गुणधर्म, आडव्या ओळी म्हणजे नोंदी. पुढे १९८६ मध्ये बर्कली येथील विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या प्रकल्पातून ‘पोस्टग्रेसक्यूएल’ ही प्रणाली घडली. तिच्यात एका तक्त्याला दुसऱ्याचा वारस करता येते.

आमचा मूळ तक्ता ‘ग्रंथ’. त्याचे स्तंभ तीन : दाखल क्रमांक, शीर्षक, कर्ता. पोथ्यांसाठी ‘हस्तलिखिते’ हा वारस तक्ता केला. हे तिन्ही स्तंभ त्याला आपोआप मिळाले. लिपी आणि पत्रसंख्या हे दोन त्याचे स्वतःचे. मात्र वारसाला मिळते ती केवळ घडण, वडिलांच्या नोंदी नव्हेत. उलट, ‘ग्रंथ’ तक्त्याला विचारणा केली की हस्तलिखितांच्या नोंदीही उत्तरात येतात. त्या नको असतील तर आज्ञेत ‘ओन्ली’ हा शब्द योजावा लागतो.

दाखल क्रमांक ही ‘ग्रंथ’ तक्त्याची ‘प्रायमरी की’ असल्याने तो क्रमांक दोनदा येणारच नाही, असे मी गृहीत धरले. मूल्ये तपासण्याचे निर्बंध वारसाकडे जातात. क्रमांक एकमेव असावा हा नियम मात्र जात नाही. नोंदवहीवरून क्रमांक हाताने भरताना एका छापील कोशाला आणि एका पोथीला ४१२ हाच क्रमांक पडला. यंत्राने हरकत घेतली नाही. पुढे कोश जीर्ण झाला म्हणून ‘ग्रंथ’ तक्त्यातून ४१२ क्रमांक काढण्याची आज्ञा मी दिली आणि पोथीची नोंदही पुसली गेली. पोथी कपाटात होती. पण सूचीत नसलेली पोथी अभ्यासकाच्या लेखी नसल्यासारखीच.

मग आम्ही तो वारसा मोडला. सर्व क्रमांक एकाच तक्त्यात ठेवले आणि पोथ्यांचे विशेष दुसऱ्या तक्त्यात लिहून त्याच क्रमांकाने जोडले. विद्यार्थिमित्रहो, वारसा स्वीकारताना काय मिळाले हे आपण मोजतोच. काय मिळालेले नाही, तेही एकदा तपासून घ्यावे.