आळंदीच्या वाटेवरचे वड

पहाटे ५.३०
पहिल्या पाळीच्या बसगाड्या हायवेला लागायच्या आत कुरुळीतल्या रोपवाटिकेत मोटर चालू करतो. मे महिन्यात पाणी उन्हाआधीच द्यावं लागतं. काळी पिशवी तापली की आतली मुळं भाजतात. करंज, जांभूळ, कडुनिंब, पिंपळ आहेत. सगळ्यांत लाडका वड. पावसाच्या तोंडावर मनगटाएवढी फांदी रोवली तरी तो फुटतो, म्हणून त्याची कोणी काळजी घेत नाही.

सकाळी ७
टेम्पोत टाकी चढवून चिंबळी फाट्यावरून केळगावमार्गे आळंदीकडे. या रस्त्याकडेला गावातल्या काही घरांनी वड लावलेत. खेड-जुन्नरकडचे वारकरी चाकणवरून माउलींच्या दर्शनाला येतात. पुणे-नाशिक रस्ता रुंद होताना जुने वड गेले आणि चालणाऱ्याला घटकाभर टेकायची जागाही गेली. हे मला फार लागतं.

प्रत्येक आळ्यातलं गवत उपटायचं, पाचोळा पसरायचा, दोन घागरी पाणी. आज एका वडाची मुळं केबलच्या चरात तुटलेली दिसली. उघड्या मुळांवर माती ओढली, थोड्या फांद्या छाटून पानांचा भार कमी केला. जगेल. पुढच्या झाडावर जाहिरातीचा पत्रा ठोकलेला. पकडीनं खिळे काढले.

सकाळी १०.३०
एका कंपनीचे बागकाम बघणारे साहेब आले. "काका, गेटपर्यंत दोन्ही बाजूंना पाम लावायचेत."

त्यांना जपानमधल्या निक्कोच्या रस्त्याकडेच्या झाडांबद्दल सांगितलं. तोकुगावा इएयासू या शोगुनचं तिथे तोशोगू मंदिर आहे. त्याचा सरदार मात्सुदाइरा मासात्सुना याने मंदिराकडे येणाऱ्या तीन रस्त्यांवर १६२५च्या सुमारास देवदारासारखी दिसणारी सुगी झाडं लावायला घेतली. काम वीस वर्षांहून जास्त चाललं. १६४८ मध्ये ती मंदिराला अर्पण केल्याचे दगड अजून उभे आहेत. पस्तीस किलोमीटरहून लांब रांग, आजही सुमारे बारा हजार झाडं.

"एवढी टिकली कशी?" साहेबांनी विचारलं.

सगळीच टिकली नाहीत. मोटारींचा धूर आणि रस्त्याखाली दबलेली मुळं यांनी तिथेही झाडं मेली. मग १९९६ मध्ये एकेक झाड एक कोटी येनला मालकाच्या नावावर करायची योजना निघाली. पैसे ठेवीत राहतात, व्याजातून निगा होते. मला यातली मोठी गोष्ट पैशाची वाटत नाही. नावावर झालेल्या प्रत्येक झाडाला जाब देणारा एक माणूस मिळाला, ती वाटते. साहेबांनी पामांची संख्या निम्मी केली आणि करंज मागवले.

दुपारी ४
जेवण, डुलकी झाली. बायका पिशव्या भरायला बसल्या : माती, शेणखत, थोडी निंबोळी पेंड. मोठ्या पिशवीत रोप बदलताना तळाशी गोल फिरलेली मुळं कापावीच लागतात. तशीच लावली तर झाड वर वाढतं, पण जमीन धरत नाही आणि पुढे वादळात उलथतं. हे काम मी स्वतः बघतो.

संध्याकाळी ७
वहीत लिहितो : कोणत्या घराचा वड, कशी तब्येत. काही वडांपुढे अजून कोणाचंच नाव नाही. चिंबळी, कुरुळी, केळगावकरांनो, पाऊस पडायच्या आत त्यातला एक आपल्या नावावर घ्या. मात्र पुढचे तीन उन्हाळे पाणी घालायची तयारी असेल तरच.